मदत हवी आहे : उघडलेल्या पाकिटांतलं भाजीचं बी कोकणच्या पावसात पुढच्या मृगापर्यंत कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. परसात दर पावसाळ्यात भाजीचा मांडव असतो. यंदाचे वेल वर चढलेत, पण बी बरंच उरलंय. घरच्यापुरत्या आळ्यांना पाकीटभर बी लागतंय कशाला! दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाणं आहेत : कोकण हरिता दोडका, कोकण श्वेता पडवळ, कोकण तारा कारलं. शिवाय अर्का अनामिका भेंडी, एक संकरित काकडी, लाल माठ, थोडी मिरची आणि बहिणीने देशावरून पाठवलेलं कांद्याचं बी.

अडचण हवेची आहे. पापड डब्याबाहेर काढले की बघता बघता मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही. पाकिटांची तोंडं दुमडून, पिना मारून फळीवर ठेवली होती. काल काकडीचं एक बी नखाने वाकवलं तर ते मोडलंच नाही, नुसतं लवलं. पाकीट फोडलं तेव्हा त्यातलंच बी कट्कन मोडत होतं. म्हणजे ओल आत शिरलीय आणि अजून अर्धा पावसाळा जायचाय.

सासूबाई काकडी-भोपळ्याचं बी शेणात कालवून पडवीच्या भिंतीला थापायच्या. भेंडीच्या वाळलेल्या शेंगा चुलीवरच्या शिंक्यात असायच्या, धुराने कीड लागत नसे. आता घरात गॅस आहे, शिंकं टांगायचं कुठे? तरी हे बी फेकायला माझा जीव होत नाही. पडवळाचं हे वाण इथे छान रुळलंय, पुढच्या वर्षी दुकानात मिळेलच याचा भरवसा नाही.

ऊन नसताना बी सुकवायचं कसं? फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं का? दुकानदार म्हणतात, पाकिटावरची मुदत संपली की बी मेलं. शेजारचे काका म्हणतात, संकरित बी दुसऱ्या वर्षी उगवतच नाही. खरं काय? यातलं कोणतं ठेवण्यात अर्थ आहे आणि कोणतं आत्ताच वापरून टाकू?

प्रतिसाद (कुडाळहून) :

ताई, फेकू नका. मुदत असते ती उगवण चाचणीच्या तारखेपासून ९ महिन्यांची, आणि ती विक्रीसाठी. त्या दिवशी बी मरत नाही, पाकिटावर लिहिलेल्या उगवणीची हमी तेवढी संपते. काकांची गल्लत होतेय. पाकिटातलं उरलेलं संकरित बी पुढच्या वर्षीही तीच काकडी देईल. त्या काकडीतून तुम्ही धरलेलं बी मात्र एकसारखं येणार नाही.

कांद्याचं बी सगळ्यात नाजूक, वर्षभरात उगवण पार घसरते. ते याच रब्बीत रोपासाठी टाका. भेंडी आणि मिरची पुढच्या मृगाला नक्की वापरून संपवा. दोडका, काकडी, कारलं, पडवळ मात्र नीट सुकवलेलं असेल तर तीन-चार वर्षं सहज जातं. माठही टिकतो.

सगळा खेळ ओलीचा. बियांतली ओल एक टक्क्याने उतरली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान पाच-साडेपाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणून आधी सुकवणं, मग फ्रीज. उलट केलंत तर काही साधणार नाही. उन्हाची वाटही बघू नका, कडक ऊन बियांना सोसत नाही. सिलिका जेलचे निळे दाणे आणा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बियांच्या वजनाइतके दाणे पुरचुंडीत बांधून ठेवा, वर बी, आणि आठवडाभर झाकण उघडू नका. दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल ओढली. मंद आचेवर तापवले की परत निळे होतात, पण स्वयंपाकाची कढई घेऊ नका. दाणे मिळाले नाहीत तर तांदूळ खरपूस भाजून, झाकून पूर्ण गार करून वापरा. काकडीचं बी पुन्हा कट्कन मोडायला लागलं की बरणी फ्रीजमध्ये, आतल्या बाजूला. दारात नको, तिथे थंडी सारखी कमी-जास्त होते.

पेरणीआधी बरणी बाहेर काढाल तेव्हा रात्रभर बंदच राहू द्या. गार बरणी लगेच उघडलीत तर दमट हवेचं पाणी थेट बियांवर धरतं. मे अखेरीस २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. १४ उगवल्या तर ७० टक्के, म्हणजे उत्तम. निम्म्याच आल्या तरी आळ्यात दोन-तीन जास्त टाकून भागतं. कारल्याला दोन आठवडे द्या.

भेंडीच्या बियांवर रंगाचा लेप असेल तर ते औषध आहे. हात धुवा, पोरांपासून लांब ठेवा, कोंबड्यांनाही घालू नका.

मूळ प्रश्नकर्ती :

खूप खूप आभार दादा! जीव भांड्यात पडला. कांद्याचं बी बहिणीला परत पाठवते, तिच्याकडे वाफे तयार असतात. एकच शंका, सगळी पाकिटं एका बरणीत ठेवली तर चालतील का?

प्रतिसाद :

चालतील. फक्त चकचकीत पाकिटांतलं बी कागदी पुड्यांत काढा, चकचकीत पाकिटातून ओल बाहेर पडत नाही. पुडीवर वाणाचं नाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. औषध लावलेली भेंडी वेगळ्या बरणीत ठेवा.