अनुभव धागा: तुमचा विसाव्याचा दिवस कोणता?

१० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी सातही दिवस भोंगा. १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही कामगार संघटना काढणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार खंडोबाचा, हेही त्यांचं एक कारण होतं.

माझे आजोबा लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. खडखडाटानं कान जवळजवळ गेलेले, पण रविवारी संध्याकाळी भजनात पखवाजावर तेच. आजी परातीतला कणकेचा गोळा काढून द्यायची, ते तो पखवाजाच्या डाव्या अंगाला थापून, बोटांनी चाचपून आवाज जुळवायचे. त्यांची खरी विश्रांती दुपारच्या झोपेत नव्हती, या दोन तासांत होती. तुमचं कसं? सविस्तर लिहा.

सातारा, निवृत्त शिक्षिका
धागा आवडला. मी त्या परातीपाशी थांबले. आमच्याकडे रविवार म्हणजे पुऱ्या, पाहुणे, चार गणवेश भिजवणं आणि आठवड्याचं निवडण-टिपण. शाळेत मला तासांमध्ये मोकळा तास मिळायचा, घरी नाही. साठीनंतर गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाक करणार नाही असं सांगून टाकलं. पहिले दोन महिने मी त्या वेळात कपाटंच आवरली. हात रिकामे ठेवायचे कसे, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं! आता पेटी शिकते.

यवतमाळ, शेतकरी
आमच्याकडे विसाव्याचं आमंत्रण बैलाला असतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. जू घासून निबर झालेल्या खांद्यावर पळसाच्या पानानं हळद-लोणी लावायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. बाबा त्या संध्याकाळी कुणाशी बोलत नसत, लोणी जिरेपर्यंत चोळत बसत. माझी जोडी तीन वर्षांपूर्वी विकली, आता ट्रॅक्टर भाड्यानं. काम लवकर उरकतं, तरी तशी संध्याकाळ मिळत नाही.

ठाणे, सुरक्षारक्षक
बारा तासांची ड्युटी. बदली माणूस आला तरच सुट्टी. गेल्या महिन्यात एकच मिळाली. मुलीला घेऊन तलावपाळीला गेलो, बाकावर बसल्या बसल्या झोप लागली. जाग आली तेव्हा तिनं माझी चप्पल काढून बाजूला नीट ठेवली होती आणि एकटीच बोटी मोजत होती.