मदत हवी आहे : 'ऑलवेज डझ नॉट' की 'डझ नॉट ऑलवेज'?

नमस्कार. मी पुण्यात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. वॉर्डात लागतं तेवढं इंग्रजी येतं, पण परवा एका वाक्याने मला चांगलंच अडचणीत आणलं. ते नीट समजल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा धागा.

आमच्या मेडिकल वॉर्डात एक आजोबा आहेत. रात्रीची बीपीची गोळी कधी निमूट घेतात, तर कधी ओठ घट्ट मिटून तोंड भिंतीकडे फिरवतात. मग कितीही विनवण्या करा, उपयोग नाही. ५ रात्रींत २ वेळा असं झालं. नाइट संपताना मी हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीसाठी नोंदी करायच्या वहीत लिहिलं, 'पेशंट ऑलवेज डझ नॉट टेक नाइट टॅब्लेट.' माझ्या मनात होतं की आजोबा दर वेळी गोळी घेतातच असं नाही.

सकाळी राउंडला डॉक्टरांनी वही वाचली आणि ट्रीटमेंट शीट उघडली. शीटवर २ खान्यांत गोल करून 'आर' (रिफ्यूज्ड, म्हणजे गोळी नाकारली) लिहिलेलं आणि ३ खान्यांत गोळी दिल्याची माझी सही. ते म्हणाले, "सिस्टर, पेशंट गोळी कधीच घेत नाही असं लिहिलंय तुम्ही. मग या ३ सह्या कसल्या?" न दिलेल्या औषधावर सही केली, असा संशय येणं म्हणजे काय, हे आमच्या कामातल्या माणसालाच कळेल. माझे हातपाय गार पडले. इन्चार्ज मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशोब जुळला, डॉक्टरांनीही समजून घेतलं. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं व्याकरणाचं पुस्तक घरी आहे. त्यात दिलंय की 'ऑलवेज', 'ऑफन', 'यूज्वली' हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात आणि 'इज', 'आर' असेल तर त्यानंतर. मी तेच केलं ना? 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधीच आहे! मग चुकलं कुठे? आणि 'नॉट'ची जागा या सगळ्या शब्दांसाठी एकच असते का? आमची एक ज्युनिअर 'डझ नॉट नेव्हर कम्प्लेन' असं लिहिते, तेही कानाला खटकतं, पण तिला कारण सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद :

ताई, मी कोथरूडला इंग्रजीच्या शिकवण्या घेते. तुमची चूक मराठी माणसाची अगदी स्वाभाविक चूक आहे, आधी मनातलं ओझं उतरवा.

आपलं 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं. 'आजोबा नेहमी गोळी घेत नाहीत' या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात : एक, कधीच घेत नाहीत, दोन, रोज घेतातच असं नाही. कुठला घ्यायचा ते बोलण्याच्या सुरावरून कळतं, आणि अगदीच घोळ व्हायला लागला की आपण 'घेतातच असं नाही' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत हे काम शब्दांचा क्रम करतो. 'नॉट'चा अंमल त्याच्या नंतर जे येतं त्यावर चालतो. 'डझ नॉट ऑलवेज टेक' म्हटलं की 'नॉट'ने 'ऑलवेज'लाच धरलं. नाकारलं ते 'नेहमी'पण, म्हणजे कधी घेतात, कधी नाही. तुमच्या वाक्यात 'ऑलवेज' आधीच पुढे निघून गेला, 'नॉट'च्या हाती फक्त 'टेक' राहिलं. अर्थ झाला की न घेणं हेच नेहमीचं. इंग्रजीत त्यासाठी सहसा 'नेव्हर' वापरतात, म्हणून डॉक्टरांनी 'कधीच नाही' असं वाचलं. पुस्तकातला नियम बरोबर आहे, पण तो होकारार्थी वाक्यापुरता. नकार आला की 'नॉट'च्या अलीकडे की पलीकडे, हे वेगळं बघावं लागतं.

शब्दागणिक फरक पडतो. 'यूज्वली'चं फारसं बिघडत नाही, 'यूज्वली डझ नॉट' आणि 'डझ नॉट यूज्वली' जवळजवळ सारखेच. 'ऑफन'ला मात्र जपा. समजा १० रात्रींत ४ वेळा गोळी चुकली. 'ही ऑफन डझ नॉट टेक इट' हे खरं ठरेल, बऱ्याचदा घेत नाहीत. पण 'ही डझ नॉट ऑफन टेक इट' लिहिलंत तर अर्थ होईल क्वचितच घेतात, आणि ते खोटं, कारण ६ वेळा घेतलीय. 'समटाइम्स' मात्र 'नॉट'च्या आधीच शोभतो : 'समटाइम्स डझ नॉट टेक'. उलट केलं तर वाक्य कानाला विचित्र लागतं.

तुमच्या ज्युनिअरचं कारणही मराठीतच आहे. आपल्या 'कधीच'ला 'नाही' लागतंच. 'ते कधीच तक्रार करतात' हे वाक्य होत नाही. 'नेव्हर'च्या पोटात मात्र नकार आधीच आहे. जुन्या इंग्रजीत 'ने' म्हणजे नाही, ते 'एव्हर'ला चिकटून हा शब्द झाला. म्हणून आजच्या प्रमाण इंग्रजीत त्याला दुसरा नकार नको. 'डझ' जातो आणि त्यातला 'स' क्रियापदाकडे परत येतो : 'ही नेव्हर कम्प्लेन्स'. 'रेअरली', 'सेल्डम', 'हार्डली एव्हर' (तिन्हींचा अर्थ 'क्वचितच') यांचंही तसंच. 'नॉट' ठेवायचाच असेल तर 'डझ नॉट एव्हर कम्प्लेन' म्हणा.

'इज'चं सोपं आहे. 'पेशंट इज नॉट ऑलवेज ओरिएंटेड', म्हणजे कधी भान असतं, कधी नसतं.

धागाकर्ती :

मॅडम, मनापासून आभार. 'नॉटच्या हाती काय राहिलं' हे आता कायम लक्षात राहील. म्हणजे माझं वाक्य 'डझ नॉट ऑलवेज टेक' किंवा 'समटाइम्स डझ नॉट टेक' असं हवं होतं, बरोबर?

प्रतिसाद :

मीही नर्सिंगमधलीच, २० वर्षं झाली. दोन्ही बरोबर आहेत, पण ताई, वहीत दोन्ही लिहू नका. 'समटाइम्स' म्हणजे किती, हे प्रत्येकजण आपापलं ठरवतो. सरळ लिहा : 'रिफ्यूज्ड नाइट टॅब्लेट ऑन २ ऑफ ५ नाइट्स', पुढे तारखा आणि डॉक्टरांना कधी कळवलं ती वेळ. घरच्यांशी बोलताना, पत्र लिहिताना 'नॉट ऑलवेज' खुशाल वापरा. औषधाच्या बाबतीत आकडाच लिहावा.

धागाकर्ती :

पटलं. कालच्या नाइटला तसंच लिहिलं. आजोबांनी काल गोळी घेतली, म्हणून '२ ऑफ ६' झालं. सकाळी कुणी काही विचारलं नाही.

फक्त एक शंका राहिली. 'ऑल पेशंट्स डिड नॉट टेक ब्रेकफास्ट' असंही आम्ही लिहितो. काहींनी नाश्ता केलेला असतो, काहींनी नाही. इथेही तीच भानगड आहे का?

प्रतिसाद :

हो, तीच. 'ऑल' पुढे गेला की वाचणाऱ्याला वाटू शकतं, अख्खा वॉर्ड उपाशी आहे. 'नॉट'ला सुरुवातीलाच आणा : 'नॉट ऑल पेशंट्स टुक ब्रेकफास्ट'. आणि वरच्या ताई म्हणतील, कोणत्या बेडचे राहिले ते लिहा.