वही रद्दीत द्या म्हणे!

शाईपेन
परवा इथेच कामसू यांनी आपल्या यादीत लिहिलं, "टॅब घ्या, ही दहा अ‍ॅप टाका आणि वह्या रद्दीत द्या." प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

यादीतली अ‍ॅप वाईट आहेत असं माझं म्हणणं नाहीच. भांडण त्या रद्दीशी आहे. वही एकदा घेतली की माझी. ही अ‍ॅप म्हणजे भाड्याची खोली, मालकाच्या मनात येईल तेव्हा भाडं वाढणार. नोंदी ठेवायच्या एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्यांना ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा घातली. टॅबवर हाताने लिहायच्या नोटॅबिलिटीने २०२१ मध्ये आधी पैसे मोजलेल्यांनाही वर्गणीच्या रांगेत उभं करायचा घाट घातला, बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे जुन्या लोकांना सोडलं. ही दोन्ही यादीत पहिल्या पाचात आहेत आणि याबद्दल चकार शब्द नाही! उलट तसंच ऑब्सिडियन नोंदी साध्या टेक्स्ट फायलींत तुमच्याच यंत्रावर ठेवतं, उद्या ते बंद पडलं तरी फायली कशातही उघडतात. ते मात्र यादीत नाही. का, तर दिसायला रुक्ष!

आणि दहाव्या क्रमांकावर तंबोऱ्याचं अ‍ॅप, शेजारी शेरा : "आता वाद्याची गरजच नाही." यावर जाणकार बोलतील.

कामसू
एवढा राग? 'रद्दीत द्या' हे लक्ष वेधायला लिहिलं होतं, शब्दशः घेणारे भेटतील असं वाटलं नव्हतं.

आमचं दुकान सांगलीत. २०१९ च्या पुरात उधारीच्या सगळ्या वह्या लगदा झाल्या. कुणाकडे किती येणं होतं ते मग गिऱ्हाइकांच्या इमानावर. काहींनी आपणहून आणून दिले, काही अजून रस्ता बदलतात. आता प्रत्येक पानाचा फोटो रात्री गूगल ड्राइव्हवर जातो. तुमच्या स्वतःच्या मालकीच्या वहीला पोहता येतं का?

शाईपेन
पुराचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण म्हणजे तुम्ही अजून वहीतच लिहिता आणि तिचा फोटो काढता! आणि बॅकअप हा शब्द तुमच्या अख्ख्या यादीत शोधला, सापडला नाही. तोच एक मुद्दा कामाचा होता.

अर्धविराम
तुमचं चालू द्या. मराठीत लिहिणाऱ्याचं दुखणं वेगळंच आहे. मी भाषांतरं करते. फोनवर बोलून मजकूर उतरवते, जीबोर्डला मराठी बरं कळतं, बोटाने गिरवलेलंही वाचतं. आणि प्रकाशकाकडे पाठवलं की उत्तर येतं, "मॅडम, श्रीलिपीत द्या ना." श्रीलिपी म्हणजे जुनी टंकप्रणाली, तिच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर ते फॉन्ट असतील तरच वाचता येतो. कुठल्याही यंत्रावर मराठी उघडणारं युनिकोड येऊन जमाना लोटला! पुस्तकाची पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला की जोडाक्षरं नीट बसतात, हे मी किती जणांना सांगायचं? कामसू, यावरचं अ‍ॅप आहे का दहात?

जवारी
शाईपेन, जाणकार म्हणालात म्हणून नव्हे, राहवलं नाही म्हणून लिहितो.

"वाद्याची गरजच नाही" हे लिहिणाऱ्याने मिरजेला सतारमेकर गल्लीत तासभर बसून यावं. तुमच्या सांगलीपासून हाकेच्या अंतरावर आहे, कामसू! पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तासन् तास घासून काढलेली जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय फुकट?

तांत्रिकच ऐकायचंय? काळी एकच्या पट्टीत तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, साधारण ७० हर्ट्झला बोलतो. फोनचा चिमुकला स्पीकर तो वाजवूच शकत नाही, वरचे स्वर ऐकून कान आपला आपण भरून घेतो. शिकणाऱ्याचा कान यावर घडवायचा? माझ्याकडे येणारी मुलं तंबोऱ्याची तार छेडायला घाबरतात. लावणं तर दूरच.

काळी_चार
जवारी सर, डब्लिनमध्ये राहते. आईचा तंबोरा विमानाने आणला, पेटी उघडली तर भोपळ्याला उभी चीर. इथे सांधणारा कोण? अ‍ॅप नसतं तर माझं गाणं त्या दिवशी संपलं असतं. सकाळी सहाला, भिंतीपलीकडे झोपलेलं बाळ, कानात हेडफोन, आणि मी मंद्रात. हे ज्यांना कमअस्सल वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

जवारी
ताई, तुमच्याबद्दल बोललोच नव्हतो. पुण्या-मुंबईत दारात कारागीर असताना फोन टेकवून बसणाऱ्यांबद्दल बोललो.

कामसू
म्हणजे ज्याला पाच आकडी रक्कम देऊन तंबोरा परवडतो त्यानेच गावं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हाही हेच रडगाणं होतं. आज मोठमोठ्या मैफलींत गवयाच्या मागे तो ठेवलेला दिसतो.

जवारी
मागे ठेवलेला. दोन खऱ्या तंबोऱ्यांच्या जोडीला. पुढची ओळ सोयीस्कर गाळलीत. आणि रडगाणं कोण गातंय ते सूर ऐकून सांगतो, या एकदा.

रेघोट्या
मूळ विषय टॅबचा होता ना? चित्रं काढायच्या प्रोक्रिएटला एकदाच पैसे मोजा, वर्गणी नाही, फक्त आयपॅड लागतो. अँड्रॉइड टॅबवर तसंच क्रिता चकटफू. गेल्या दिवाळीची सगळी भेटकार्डं त्यावर केली. शाईपेन, तुमचा भाड्याच्या खोलीचा सिद्धांत इथे बसत नाही.

शाईपेन
बसत नाही. मान्य. दहात एक निघालं.

रेघोट्या
दोन. मोजता येत नसेल तर त्याचंही अ‍ॅप आहे.

अर्धविराम
श्रीलिपीवर कुणीच बोलत नाहीये. सवय आहे.

कामसू
यादी दुरुस्त केली. दहावा शेरा आता असा : "तंबोरा अ‍ॅप. मिरजेची परवानगी घेऊन वापरावे." बॅकअपची ओळही टाकली, शाईपेन, आता तरी झोपा.

काळी_चार
सर, रागावला नसाल तर एक विचारते. मारव्यात पंचम नाही, तो राग घेतला की अ‍ॅपमधला पंचम टोचतो. काय करू?

जवारी
पंचमाची पहिली तार निषादावर न्या, तशी सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. मालकंसाला मध्यम. सेंट्सचा, म्हणजे स्वराच्या बारीक मापाचा, काटा असेल तर निषाद आकड्यावर नका ठेवू, षड्ज लावून कानाने सरकवत आणा. हेडफोन एकाच कानात, दुसऱ्याने स्वतःला ऐका. आवाज कमी ठेवा. आणि त्या भोपळ्याचा फोटो पाठवा, चीर सांध्यावर नसेल तर मिरजेत विचारून सांगतो.