स्टोरेज पूलचं ‘नामांतर’ म्हणावं का?

गोदाकाठ (नांदेड) :
कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरसाठी मराठीत सूचनापत्रक लिहायलोय. सर्व्हरवर ट्रूनॅस (फाइल्स साठवायच्या सर्व्हरची सिस्टिम) आहे. त्यातल्या स्टोरेज पूलचं, म्हणजे अनेक डिस्क मिळून केलेल्या जागेचं, नाव ‘टँक’ आहे, ते बदलून विभागाचं नाव द्यायचंय. मी लिहिलं : ‘पुलाचे नामांतर करण्यापूर्वी त्याची निर्यात करावी.’ लॅब असिस्टंट म्हणाला, कोणत्या पुलाचं सर, गोदावरीवरच्या? तिन्ही शब्दांचं काय करावं, सुचवा.

सिंदफणा (बीड) :
घोटाळा ‘पूल’मध्ये नाही, ‘पुलाचे’मध्ये आहे. नदीवरचा पूल प्रत्ययाआधी ऱ्हस्व होतो : पुलाचा, पुलावर, पुलाखाली. नवे आलेले शब्द मात्र बहुधा जसेच्या तसे राहतात : बसचा, फोनवर, लॅबमध्ये. तसंच पूलचं, पूलमध्ये. (नदीवरचा पूलही फारसीतूनच आलाय, पण इतका मुरलाय की त्याला सामान्यरूप लागतं.) पूलऐवजी ‘साठा’ही नको. साठा म्हणजे आत ठेवलेला माल. पूल म्हणजे अनेक डिस्क मिळून झालेली जागा.

दुधना (जालना) :
‘नामांतर’ तेवढं काढा, सर. भाषांतर, स्थलांतर यांच्यासारखाच तो शब्द, व्याकरणात काही खोट नाही. पण मराठवाड्यात नामांतर म्हटलं की मराठवाडा विद्यापीठाचंच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत इथं वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. शेवटी झाला तो ‘नामविस्तार’ : ‘मराठवाडा’ ठेवून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं. दोन शब्दांमधला तो फरक आमच्या पिढीला शिकवावा लागत नाही. हार्ड डिस्कसाठी हा शब्द खर्चू नका. ‘नाव बदलणे’ पुरेसं आहे.

गोदाकाठ :
पटलं, ताई. पण पत्रकाच्या मथळ्यात एकच शब्द बसतो. ‘फेरफार’ चालेल का? तलाठ्याकडं नावाचा फेरफार होतो, तसं.

सिंदफणा :
अजिबात नको. तलाठ्याच्या फेरफारात हक्कदाराचं नाव बदलतं, गटाचं नाही. शिवाय तलाठी कार्यालयाबाहेर ‘फेरफार’ म्हणजे लबाडी. ‘सर्व्हरवर फेरफार’ असं वाचून प्राचार्य आधी चौकशी समिती नेमतील! मथळा ‘नावबदल’ ठेवा.

मांजरा (लातूर) :
आता ‘निर्यात’, म्हणजे तुमचं ‘एक्सपोर्ट’. माझ्या मते सगळ्यात घातक शब्द तोच आहे. निर्यात म्हटलं की माल बाहेर गेला, आणि वाचणारा लगेच कॉपी घ्यायला दुसरी डिस्क शोधायला लागतो. इथं फाइल्स जागच्या हलत नाहीत. लिनक्सवर डिस्क एकत्र करणाऱ्या एलव्हीएममध्ये व्हॉल्यूम ग्रुपचं (तिथल्या पूलचं) नाव थेट बदलायची ‘व्हीजीरिनेम’ ही कमांड आहे. ट्रूनॅस वापरतं त्या झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये पूलसाठी तशी कमांडच नाही. पूल सिस्टिमपासून सोडवायचा आणि परत जोडताना नवं नाव सांगायचं. म्हणून मी ‘सोडवणे’ आणि ‘जोडणे’ म्हणतो.

नाव लिहिलेलं असतं डिस्कवरच्या लेबलमध्ये. प्रत्येक डिस्कवर त्या लेबलच्या ४ प्रती असतात, २ सुरुवातीला आणि २ शेवटी. जोडताना तिथलं नाव नव्यानं लिहिलं जातं. पूलची खरी ओळख म्हणजे त्याचा लांबलचक आकडा, जीयूआयडी, तो तसाच राहतो.

पण बटणावर ‘एक्सपोर्ट/डिसकनेक्ट’ असं असतं. पत्रकात ते अक्षर न् अक्षर तसंच द्या, नाहीतर पोरं ‘सोडवा’ नावाचं बटण शोधत बसतील. मी असं लिहीन :

‘एक्सपोर्ट/डिसकनेक्ट दाबून पूल सोडवा. डेटा नष्ट करायच्या चौकोनात खूण करू नका. शेअरची (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरची) सेटिंग पुसायच्या चौकोनातही नको. मग शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या पडद्यावर) झेडपूल इम्पोर्ट, पुढं जुनं नाव, त्यापुढं नवं नाव. लगेच झेडपूल एक्सपोर्ट, पुढं नवं नाव. शेवटी वेबच्या पडद्यावरून पूल पुन्हा जोडा.’

शेवटची पायरी गाळू नका. नुसतं शेलमधून जोडलं तर ट्रूनॅसच्या स्वतःच्या नोंदीत तो पूल येत नाही.

दुधना :
आणि शेअर? मुलांच्या कॉम्प्युटरवर जुनाच रस्ता असणार ना?

मांजरा :
मुलं शेअरच्या नावानं येतात, ते तसंच राहतं. सर्व्हरच्या आतला रस्ता मात्र बदलतो, कारण पूल ‘एमएनटी’खाली स्वतःच्या नावानं दिसतो. म्हणून प्रत्येक शेअरचा पाथ तपासायचा, स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपणं) आणि रेप्लिकेशन (दुसरीकडं प्रत पाठवणं) यांची ठरवलेली कामंही बघायची. पत्रकात ‘मार्ग’ लिहू नका, ‘पाथ’च लिहा. पडद्यावर तोच शब्द आहे.

गोदाकाठ :
ठीक. पूलचं, नावबदल, सोडवणे-जोडणे, पाथ. नवं नाव देवनागरीत दिलं तर?

मांजरा :
तो नाद सोडा, सर. झेडएफएस रोमन अक्षरं, आकडे आणि डॅश-अंडरस्कोअरसारखी मोजकी चिन्हंच घेतं. सुरुवात अक्षरानंच लागते. ‘मिरर’, ‘स्पेअर’, ‘लॉग’ ही नावं राखीव आहेत, तीही चालत नाहीत.