औंधच्या संग्रहालयात रेखाटन कशाचे करावे?

प्रश्न: माझी नववीतील मुलगी शाळेच्या सहलीबरोबर सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जाणार असून, तेथे प्रत्येकाने एका कलाकृतीसमोर बसून रेखाटन करावयाचे आहे. तिने सोबत काय न्यावे आणि काय निवडावे?

उत्तर १: रंग आणि शाई घरीच ठेवावी. २बी व ४बी (मऊ, गडद शिशाच्या) पेन्सिली, खोडरबर आणि जाड पुठ्ठ्याची वही पुरेशी आहे.

उत्तर २: औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आहेत, परंतु माझ्या मते चित्राची नक्कल करण्यापेक्षा ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालकाचे दगडी शिल्प निवडावे, कारण आपण दोन पावले सरकलो की त्याची बाह्यरेषा बदलते आणि डोळ्याला खरे काम मिळते.

प्रश्नकर्ती: आपली आभारी आहे. खोडरबर मात्र मुद्दामच देणार नाही.