मदत हवी आहे: जुन्या दांडीवरचा क्रूझ स्विच, नवं इंजिन
जुन्या शेव्हरोलेत एलएस इंजिन (जीएमचं व्ही-८) बसवलंय, ड्राइव्ह-बाय-वायर थ्रॉटलवालं, म्हणजे पॅडलपासून केबल नाही, थ्रॉटल विजेवर उघडतो. इंडिकेटरच्या दांडीवरचा मूळ क्रूझ कंट्रोलचा (वेग आपोआप कायम ठेवणारा) स्विचच वापरायचाय. नवं स्टिअरिंग लावून आतलं रूप घालवायचं नाही. दांडीतून ऑन, सेट, रिझ्यूम अशा तीन वायरींवर सरळ १२ व्होल्ट येतात, मल्टिमीटरवर बघितलंय. पण नंतरच्या गाड्यांत एकाच वायरवर बटणागणिक वेगळा व्होल्टेज असतो, तो बीसीएम (दिवे, स्विच वगैरे सांभाळणारा बॉडीचा कॉम्प्युटर) वाचतो आणि ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळवतो. माझ्याकडे बीसीएमच नाही. मधे कन्व्हर्टर लावून कोणी जमवलंय का? की थेट वायरी घेणारा जुना ईसीएम शोधू? आणि ब्रेक स्विच कुठून जोडलात? पॅडलला पाय लागताच क्रूझ सुटलंच पाहिजे, तिथे जुगाड नको. मागे एलईडी दिवे आहेत, त्यांनी घोळ होतो का?