लेखी मुख्य परीक्षेसाठी हात आणि उमेद टिकवायची कशी?

प्रश्न : राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत दहा तास बैठक होते, पण तासभर लिहिलं की मनगट भरून येतं. हल्ली अभ्यासाला बसावंसंच वाटत नाही. काय बदलू?

कृष्णाकाठ : बहुधा पेन आवळून धरता. कागदाखालच्या पानावर अक्षरांचे वळ उमटतात का बघा. उमटत असतील तर दाब जास्त आहे. जाड पकडीचं, सहज वाहणारं पेन घ्या. कोपर टेबलावर टेकवा, नाहीतर सगळा भार मनगटावर येतो. पहिला आठवडा रोज २ उत्तरं, मग ५, महिन्याभराने रविवारी सलग ३ तासांचा पेपर. एकदम पेपरवर उडी मारली की हात धरतोच. रात्री बोटं बधिर होत असतील तर मात्र बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पहाटपाळी : झोप किती घेता ते लिहिलं नाहीत, आणि खरी मेख तिथेच असते. वाचलेलं झोपेत पक्कं होतं. ७ तास हवेतच. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात, म्हणून शेवटचा चहा चारला. मेसमध्ये भात कमी, उसळ दोन वाट्या. दुपारची पेंग उतरेल.

सातारी : तास मोजणं सोडा, लिहून तपासलेली उत्तरं मोजा. ग्रुपवरचे इतरांचे आकडे बघूच नका, मन खचतं. रविवारी पेपर झाला की दुपार पूर्ण मोकळी ठेवा.